दहाव्या माणसाची सोय

सगळे धर्म एकच आहेत हे कमळाकर घरत यांना विटांमुळे कळलं.

विचुंब्यात त्यांचा रेती, खडी आणि विटांचा धंदा होता. त्याआधी वडिलांचं मिठागर होतं आणि थोडी भातशेती. मिठागर गेलं, शेतात इमारती आल्या, आणि इमारतींना विटा लागतात हे कमळाकरशेठना गावात इतरांच्या आधी सुचलं. एका हंगामात असा योग आला की एका देवळाचा सभामंडप, एका मशिदीचा हौद, एका चर्चची कुंपणाची भिंत आणि एका जैन देरासराची धर्मशाळा अशी चारही कामं त्यांच्याकडे एकदम आली. चारही कमिट्यांनी एकच तक्रार केली, की विटा कच्च्या आहेत. चारही कमिट्यांत संगमरवरी पाटीवर पहिलं नाव कोणाचं यावरून भांडण झालं, आणि ते मिटवायला चारही ठिकाणी कमळाकरशेठनाच बोलावलं. हंगाम संपल्यावर त्यांनी निष्कर्ष काढला, की परमेश्वर एक आहे. हाती आलेल्या पुराव्यातून दुसराही निष्कर्ष निघू शकला असता, पण तो त्यांना सुचला नाही.

पुढे धंदा मुलाच्या हाती गेला, तेव्हा आपल्या इमारतीतला तळमजल्याचा एक गाळा भाड्याने न देता त्यांनी तिथे ‘विश्वधर्म चिंतन केंद्र’ काढलं. दर गुरुवारी संध्याकाळी ते तिथे बोलतात. घरी ते विचुंब्याचं बोलतात, केंद्रात पुस्तकातलं. भिंतीवर सगळ्या धर्मांची चिन्हं आहेत. आधी ती एका ओळीत लावायची होती. पण ओळ म्हटली की पहिलं कोण आणि शेवटचं कोण हा प्रश्न येतो, म्हणून ती गोलात लावली. गोलाला पहिलं-शेवटचं नसतं, असं त्यांनी उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं.

“पण सगळ्यात वर ॐच आलाय,” जोकबेद आपटेकर पहिल्या रांगेतून म्हणाल्या.

“वहिनी, तिथं आधीपासून खिळा होता.”

जोकबेद या सायमन आपटेकरांच्या पत्नी. सायमन आणि कमळाकर पनवेलच्या शाळेत एका बाकावर बसत. आपटेकरांचं घराणं मूळचं पाताळगंगेकाठच्या आपट्याचं. कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू कुटुंबांच्या रीतीप्रमाणे आडनाव गावावरून आलेलं. पणजोबांचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असे. सायमननी बँकेत नोकरी केली, नवीन पनवेलला फ्लॅट घेतला. मुलगी आयाला लग्न होऊन इस्राएलला गेली. हे दोघं मात्र गेले नाहीत. तिथली केळी गोड नाहीत, एवढंच कारण जोकबेद सांगत.

कमळाकरशेठसाठी हे घर म्हणजे पुराव्याचं कपाट होतं. नवस फेडताना, शुभकार्याला आणि माणूस गेल्यानंतरच्या विधीलाही ही मंडळी मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं, आणि त्यावर प्रार्थना.

“मलिदा दर्ग्यात पन हाय,” कमळाकरशेठ बोटांवर मोजत सांगायचे. “पोहे-खोबरं आमच्या देवीला हाय. मेलेल्या मानसाच्या विधीला तुमी जियारत बोलता, पीराला जातात त्याला मुसलमान पन जियारत बोलतात. मंग वेगलं काय ऱ्हायलं?”

“पोहे सगळ्यांकडे पेणहून येतात,” सायमन म्हणायचे. “त्यावरून देव एक कसा होतो?”

“तू बँकेत होतास. तुला सगलीकडं दोन खाती दिसतात.”

जोकबेद यांचं मत वेगळं होतं. “कमळाकरभाऊ, तुमचा धर्म म्हणजे पनवेलचा एसटी स्टँड. सगळ्या गाड्या येतात. मुक्कामाची एकही नाही.” हे वाक्य कमळाकरशेठनी पुढच्याच गुरुवारी व्याख्यानात वापरलं. शेवटचा तुकडा तेवढा गाळला.

या सगळ्यात एक बारीक अडचण होती. विश्वबंधुत्वावर दर आठवड्याला बोलणारे कमळाकरशेठ आपल्या एकुलत्या एक भावाशी बोलत नव्हते.

भाऊ विठू त्याच गल्लीत राहतो. चैत्रात गावदेवीची पालखी निघते आणि दारोदार थांबते. पूर्वी ती विहिरीच्या बाजूने, म्हणजे पूर्वेकडून गल्लीत शिरायची, त्यामुळे दोघा भावांत पहिलं दार थोरल्याचं, म्हणजे कमळाकरशेठचं लागायचं. मग दुसऱ्या टोकाला काँक्रीटचा रस्ता झाला, पालखी तिकडून येऊ लागली आणि पहिलं दार विठूचं झालं. कमळाकरशेठनी गावकीत मुद्दा मांडला, की पालखीने विठूच्या दारावरून न थांबता पुढे यावं, थोरल्याचा मान घ्यावा आणि मग मागे फिरावं.

“देवी रस्त्यानं येते, दादा, वयानं नाय,” विठू सगळ्यांसमोर म्हणाला.

तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. कमळाकरशेठच्या पत्नी भामा आणि विठूची बायको मात्र मधल्या भिंतीवरून रोज कालवणाच्या वाट्या बदलत राहिल्या. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही कोणाला विचारलं नाही.

मग जोकबेद आजारी पडल्या आणि त्यातून उठल्या नाहीत. शेवटच्या दिवसांत त्यांनी सायमनकडून एक शब्द घेतला. “माझ्या वर्षाला घरी दहा माणसं जमव. आईच्या वेळी ओटीवर उभं राहायला जागा नव्हती. दहासुद्धा झाले नाहीत, तर पनवेलातलं आपलं संपलं असं मी समजेन.”

दहा हा आकडा त्यांनी उगाच घातलेला नव्हता. गेलेल्या माणसासाठी म्हणायची कद्दिश ही प्रार्थना दहा वयात आलेले ज्यू पुरुष हजर असतील तरच म्हणता येते. नऊ असतील तर तोंड मिटून बसावं लागतं.

वर्षाची तारीख ज्यू पंचांगाप्रमाणे मंगळवारी आली. शनिवार असता तर सिनेगॉगमध्ये माणसं सापडली असती. मंगळवारी नोकरदार मंडळी कामावर होती.

“रविवारी घे ना,” कमळाकरशेठ म्हणाले.

“तू आईचं श्राद्ध रविवार बघून करतोस?”

“तिथी बगून.”

“मग?”

“हे बग, परत एकच निघालं!” कमळाकरशेठ खूश झाले.

सायमनच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. वॉकर घेऊन ते बाथरूमपर्यंत जात, त्यापुढे नाही. आयालाला रजा मिळत नव्हती. कमळाकरशेठनी सगळा भार आपल्यावर घेतला. “दहा मानसं माझ्यावर सोड. मी चार कमिट्या सांभाल्ल्यात.” त्यांनी ठाणे, पेण, अलिबाग असे फोन फिरवले, निवृत्त मंडळी हेरली, कोणाला स्टेशनवरून आणायला गाडी पाठवायचं कबूल केलं, कोणाला जेवणात मटण आहे हे कळवलं. आठवड्याभराने त्यांनी सायमनना सांगितलं, “दहा झाली. आता झोप.”

सायमननी विश्वास ठेवला. नावं विचारली नाहीत. पुढे जे झालं त्यात त्यांची चूक असलीच तर ती एवढीच.

मंगळवारी दुपारी फ्लॅटच्या हॉलमधलं फर्निचर भिंतीला लावलं. भामाबाईंनी सकाळी येऊन नारळ खोवून दिले होते. पोहे परातीत तयार होते. टीपॉयवर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेल्या फोनमधून आयाला सगळं बघत होती. सूर्य मावळला की ज्यू तारीख संपते, त्यामुळे त्याच्या आत सगळं उरकायचं होतं. वेळ हाताशी होता. मंडळी टोप्या घालून उभी राहिली.

माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत अशी त्यांच्यात रीत आहे. त्यासाठी दहा शब्दांचं एक हिब्रू वचन म्हणतात, एका माणसाला एक शब्द. वचन पुरं झालं की माणसं पुरी झाली. सायमन वॉकरला धरून उभे राहिले आणि डावीकडून सुरुवात केली. ठाण्याचे चुलतभाऊ, पेणचे दोघे, अलिबागचे काका असं करत आठ शब्द झाले. नववा स्वतःसाठी. मग नजर ओळीच्या शेवटाला गेली. तिथे कमळाकरशेठ उभे होते. इस्त्रीचा झब्बा, डोक्यावर नवी पांढरी टोपी, आणि आपला शब्द नीट डोक्यावर पडावा म्हणून किंचित पुढे काढलेली मान.

सायमनच्या तोंडात दहावा शब्द तसाच राहिला.

“कमळ्या, दहावा कुठाय?”

“मी हाय ना.”

अलिबागचे काका कानाने कमी होते. त्यांनी शेजाऱ्याला मोठ्याने विचारलं, “झालं का? बसायचं का?”

“तू चालत नाहीस,” सायमन म्हणाले.

“चालत नाय म्हंजी? चाळीस वर्षं तुमचा मलिदा खातोय. टोपी पन तुमचीच घातलीय.”

“खायला चालतोस. मोजायला नाही.”

कमळाकरशेठनी लबाडी केली नव्हती, हे सांगायला हवं. आठ पाहुणे, नववा सायमन, दहावे आपण, हा हिशेब त्यांनी अगदी स्वच्छ मनाने केला होता. सगळ्या धर्मांत आपली जागा आहे असं मानणाऱ्या माणसाला एका धर्मातली एक जागा मोकळी दिसली आणि ती त्याने धरली. त्यांच्या तत्त्वज्ञानात यात काही चूक नव्हती. चूक होती ती फक्त जोकबेदच्या वर्षात.

“वाईट वाटून घेऊ नका, काका,” फोनमधून आयाला म्हणाली. “मी तिथे असते तरी बाबांनी मला मोजलं नसतं. या इकडे, आपली वेगळी ओळ करू.”

“आयाला, चेष्टा नको,” सायमन खुर्चीत बसले. वॉकर त्यांच्या हातातून घसरला. “तिला शब्द दिलाय मी. दहा माणसं. अख्ख्या पनवेलात एक मिळत नाही.”

“मिळतो की. रुबेनमामा आहे बेलपाड्याला.”

हे नाव हॉलमधल्या प्रत्येकाच्या मनात आधीच येऊन गेलं होतं. ठाण्याच्या चुलतभावांनी पंख्याकडे बघितलं.

रुबेन हे जोकबेदचे सख्खे भाऊ. आयालाच्या लग्नाच्या मेंदीत पहिलं बोट लावायचा मान मामाचा, असं ते धरून होते. सायमननी तो मुंबईहून आलेल्या सिनेगॉगच्या एका वडीलधाऱ्या ट्रस्टींना दिला. रुबेन भरलं ताट सोडून उठले, ते परत या घरी आले नाहीत. बहिणीच्या दफनाला आले, लांब उभे राहिले आणि माती देऊन निघून गेले.

“तो यायचा नाही,” सायमन म्हणाले.

“बोलावलंत का?”

कमळाकरशेठनी टोपी काढून खिशात घातली आणि गाडीची किल्ली उचलली.

बेलपाडा म्हणजे आता खारघरच्या मध्ये राहिलेलं गाव. चहूबाजूंनी टॉवर आणि आत अरुंद गल्ल्या. कळंबोलीच्या ट्रेलरांतून गाडी काढत कमळाकरशेठ तिथे पोचले, तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. रुबेन तळमजल्यावरच्या खोलीत दार उघडं ठेवून खुर्चीवर बसले होते. अंगात पांढरा कडक शर्ट, पायांत पॉलिश केलेले बूट.

“कुठं निघाला होता का?” कमळाकरशेठनी विचारलं.

“नाही. घरीच आहे.”

कमळाकरशेठनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मग जवळ वेळ नसतानाही, सवयीने, क्षमेवर आले. प्रत्येक धर्मात क्षमा आहे, शब्द वेगवेगळे पण आशय एक, आणि ज्याने बंधूला क्षमा केली त्याने ईश्वराला...

“शेठ,” रुबेननी मध्येच थांबवलं. “तुमचा विठू कसा आहे?”

“बरा असंल.”

“असेल? शेजारी राहतो ना?”

“तुमाला कोनी सांगितलं?”

“जोकबेदने. दर शुक्रवारी खारघरच्या मार्केटात भेटायची मला. भाजी घ्यायची आणि तुमच्या गोष्टी सांगायची. खूप हसायची.” रुबेननी बुटाच्या टोकावरची धूळ रुमालाने पुसली. “जगातले सगळे धर्म तुम्ही एका खिळ्यावर टांगलेत, आणि गल्लीतला भाऊ एक. फोन लावा त्याला. माझ्यासमोर. मग मी गाडीत बसतो.”

“आता? सूर्य चाललाय, रुबेनभाऊ.”

“मला घाई नाही. मी कुठे निघालो नव्हतो.”

कमळाकरशेठनी बाहेर बघितलं. समोरच्या टॉवरच्या वरच्या मजल्यांवरच काय ते ऊन उरलं होतं. विठूचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी भामाबाईंना फोन करून तो मागितला. भामाबाईंना तो पाठ होता.

“कोन?” विठूने विचारलं.

“मी. दादा.”

पलीकडे एकदम घबराट झाली. “काय झालं? कोन गेलं? वैनी बरी हाय ना?”

“कोन नाय गेलं. सगली बरी हायेत.”

“मंग?”

गुरुवारचं एकही वाक्य इथे बसत नव्हतं. समोर रुबेन हाताची घडी घालून ऐकत होते.

“विठू, ती पालखी...” ते शेवटी म्हणाले. “तुझ्या दारी पयली थांबली तरी चालंल मला.”

“थांबतेच हाय ती, दादा. सात वर्षं झाली.”

“तरी पन. माझ्याकडून हाय, असं समज.”

विठूने विचारलं, “जेवलास का?”

“जेवलो.”

“बरं.” आणि फोन बंद झाला.

रुबेन उठले, त्यांनी दाराला कुलूप लावलं आणि ते गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले. टोपी त्यांच्या शर्टाच्या खिशातच होती.

फ्लॅटच्या उंबरठ्याशी आल्यावर रुबेन थांबले. आत सगळे उभे होते, पण ते पाऊल टाकेनात. मग सायमन वॉकर सरकवत हॉल ओलांडून दारापर्यंत आले. ऑपरेशननंतर ते एवढं अंतर पहिल्यांदाच चालले होते.

“उशीर केलास,” सायमन म्हणाले.

“बोलावणं उशिरा आलं.”

“फळांवरचा आशीर्वाद तू म्हण. तुझ्या बहिणीचं आहे.”

“तुमचे ट्रस्टी नाहीत वाटतं आज?”

“वारले ते.”

“अरेरे,” रुबेन म्हणाले आणि आत आले.

सायमननी पुन्हा डावीकडून सुरुवात केली. या वेळी वचन पुरं झालं. कमळाकरशेठ स्वयंपाकघराच्या दारात, भामाबाई आणि इतर बायकांच्या ओळीत उभे होते. आयालाचा फोन त्यांच्याच हातात होता. खिडकीत उजेड अजून होता, जेमतेम. सायमननी कद्दिश सुरू केली. मंडळी ठरल्या जागी आमेन म्हणत होती. कमळाकरशेठही म्हणत होते, पण दर वेळी अर्धा श्वास उशिरा. प्रार्थना आयत्या वेळी ऐकणाऱ्याचं असंच होतं. फोनमधली आयाला मात्र बरोबर वेळेवर म्हणत होती.

सगळं उरकल्यावर, मलिद्याच्या बशा फिरत असताना, त्यांनी सायमनना हळूच विचारलं, “वहिनीचं नाव कुठं आलं त्यात?”

“येत नाही. कोणाचंच येत नाही. मरणाचा शब्दसुद्धा नाही त्यात. नुसती देवाची स्तुती आहे.”

“मानूस गेल्यावर?”

“माणूस गेल्यावरच.”

कमळाकरशेठ बशी हातात धरून उभे राहिले. आमच्याकडे पण असंच हाय, असं ते म्हणतील म्हणून सायमन वाट बघत होते. ते म्हणाले नाहीत. पोहे खाल्ले, बशी विसळून ठेवली आणि पेणच्या पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला गेले.

गुरुवारी मात्र ते पूर्ववत होते. त्या दिवशीचा विषय ‘दहावा कोण?’ असा होता. दोन दुरावलेली मनं एका प्रार्थनेसाठी कशी एकत्र आली, आमेन, आमीन आणि ॐ हे एकाच ध्वनीचे तीन उच्चार कसे आहेत, असं सगळं आलं. दोन मनांची त्यांनी नावं घेतली नाहीत. त्यात बेलपाड्याहून केलेल्या फोनचा उल्लेख नव्हता. मागच्या खुर्चीवर विठू बसला होता. केंद्रात तो पहिल्यांदाच आला होता. “पंखा लई आवाज करतो,” एवढंच त्याने जाताना सांगितलं.

सायमन आता पुढच्या वर्षाची माणसं स्वतः जमवतात. यादीत पहिलं नाव रुबेनचं आहे आणि ते त्यांना आधी दाखवण्यात आलं. कमळाकरशेठकडे गाडीचं काम आहे.

चैत्रात पालखी निघाली. काँक्रीटच्या रस्त्याने आली आणि रिवाजाप्रमाणे आधी विठूच्या दारी थांबली. विठूने शेजारच्या दाराकडे वळून हाक मारली, “दादा, ये. दोघं मिलून खांदा देऊ.” गल्ली बघत राहिली. कमळाकरशेठ आले, त्यांनी भावाच्या दारात भावाच्या मागे उभं राहून नारळ दिला, खांदा दिला आणि घाम पुसत गावकीच्या मंडळींपाशी गेले.

“पयलं दार कोनाचं, यात काय नाय,” ते म्हणाले. “सगली दारं एकच. देवी एकच.”

मंडळींनी माना डोलावल्या.

“फकस्त शास्त्रात काय हाय,” कमळाकरशेठ पुढे म्हणाले, “चर्च बगा, दर्गा बगा, आपलं देऊल बगा, सगलीकडं पूर्वेला मान हाय. तवा पुढल्या साली पालखी विहिरीकडनं आनली, तर सगल्याच धर्मांना धरून होईल.”

विठू पालखीखाली होता, तरी त्याला ऐकू गेलं. तो हसला आणि त्याने खांदा बदलला.